उकळलेलं ब्लेड

"ऑपरेशन? पोटात अल्सर? डोक्याला कधी मार? अंगावर एखादी ताजी जखम, चिरा, काही?"

डॉक्टर अनुपमा कारखानीस भराभर विचारत होत्या. बोटं मधुकरच्या मनगटावर आणि नजर मशीनमधून सरकत येणाऱ्या कागदाच्या पट्टीवर. मधुकरला तोंड उघडायचं त्राण नव्हतं. घामानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते. उत्तर पद्मजाला द्यायचं होतं.

"नाही," पद्मजा म्हणाली. "तसलं काही नाही."

"मळमळ, काळी शी, उलटीतून रक्त?"

"नाही."

"मग देऊ या." डॉक्टर सिस्टरकडे वळल्या. "एथेल, स्ट्रेप्टोकायनेज काढा. दुसऱ्या कोणाला मी दहादा खोदून विचारलं असतं. ताईंनी नाही म्हटलं म्हणजे नाही."

पद्मजानं मान हलवली. मान हलवणं सोपं होतं.

तिची आणि डॉक्टरांची ओळख भटवाडीतली. पद्मजा घाटकोपरला पालिकेच्या दवाखान्यात आरोग्यसेविका होती. डॉक्टर होण्याआधीची शिकाऊ मुलं तेव्हा काही महिने अशा दवाखान्यांत पाठवत, आणि अनुपमा नावाची चष्मेवाली किडकिडीत मुलगी पद्मजाच्या मागोमाग चाळी-झोपड्यांतून हिंडली होती. टेकडीच्या उतारावर एकावर एक चढलेली घरं, मधून वाहणारी गटारं आणि दारादारात बसलेल्या बायका. पद्मजा पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून उभी राही आणि खणखणीत आवाजात सांगे, "बाळाच्या नाळेला शेण लावायचं नाही. कावीळ झाली म्हणून डाग द्यायचा नाही. आणि तुंबडीवाली आली तर तिला दारात उभी करायची नाही. रक्त नासत नसतं गं बायांनो, नासते ती अक्कल." बायका फिदीफिदी हसत. अनुपमाही हसे. पुढे मोठी डॉक्टर होऊन ती याच भागातल्या इस्पितळात आली, हृदयाच्या रुग्णांसाठी नवा कक्ष निघाला तो तिच्या हाती आला, तरी रस्त्यात भेटली की सोबतच्यांना सांगायची, "मी पुस्तकातून शिकले ते वेगळं, आणि ताईंच्या मागून फिरून शिकले ते वेगळं."

त्या ताईंनी कालच, भर दुपारी, स्वतःच्या घरात नवऱ्याच्या पाठीला तुंबडी लावू दिली होती.

मधुकरच्या डाव्या खांद्यामागे महिनाभर दुखत होतं. गिरणी संपात बुडाल्यापासून तो कांजूरमार्गच्या एका कारखान्याच्या गोदामात माल चढवा-उतरवायचं काम करी. आधी इतकी वर्षं गिरणीत मागावर उभं राहून काढलेली, त्यात ही ओझी, तेव्हा खांदा दुखणार नाही तर काय होणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं. पद्मजानं दवाखान्यातल्या गोळ्या दिल्या, मलम चोळलं, गरम पिशवी ठेवली. दुखणं चढावर वाढायचं आणि बसलं की उतरायचं. तेवढ्यावरून तिच्या मनात दुसरी शंका यायला हवी होती. आली नाही. वात आहे म्हणून तिनंही मनाशी ठरवून टाकलं.

आणि गणपतीनंतर गावाहून सोनूबाई आल्या होत्या. सोनूबाई म्हणजे मधुकरची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मधुकर रांगत होता. सोनूबाईंनी त्याला कडेवर घेऊन भात लावला, कडेवर घेऊन पाणी भरलं, आणि स्वतःच्या लग्नात त्याला मांडीवर घेऊन बसल्या, असं गावात अजून सांगत. भावाला कण्हताना बघून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

काल पद्मजा दुपारी दवाखान्यातून परतली तर दारात वैदीण बसलेली. शेवंती तिचं नाव. भटवाडीत सगळे तिला ओळखत. खांद्याला झोळी, झोळीत शिंगाच्या तुंबड्या, मुळ्या, सुया-पोत. पद्मजाला बघताच ती झोळी आवरून उठू लागली.

"बस गो, खय जातंस?" सोनूबाई म्हणाल्या. "मी बोलावलंय तुका."

"आक्का, हे आपल्या घरात चालायचं नाही," पद्मजा चपला काढता काढता म्हणाली.

"तुज्या घरात काय चालता ता महिनोभर बघतंय मी. गोळी दितंस, गोळी दितंस, आणि माजो भाव रात्रभर कण्हता. रगत नासला हा तेचा. ता भायर काढूकच होया."

"रक्त नासत नाही, आक्का."

"होय, तुका सगळा म्हायत. मग बरो कर बघू तेका!"

आतून मधुकर म्हणाला, "करू दे गं, पद्मा. आता कोण बघायला येतंय इथं? बरं वाटलं तर वाटलं, नाही तर नाही."

त्यावर पद्मजा हो म्हणाली. दमली होती, हेही खरं. पण नुसत्या दमण्यानं तिनं हो म्हटलं नव्हतं. महिनाभर तिच्या गोळ्यांना हार मानावी लागली होती, आणि तिच्याही मनात कुठंतरी एक हट्टी, जुनी आशा होती. तिच्या आजीनंही, पद्मजा लहान असताना, तुंबडी लावून घेतली होती, आणि आजी नव्वदीपर्यंत जगली.

शेवंतीनं झोळीतून गंजलेलं ब्लेड काढलं तेव्हा पद्मजा एकदम पुढं झाली. "थांब. तेच सगळ्यांना वापरतेस काय गं? ठेव ते."

तिनं स्टोव्ह पेटवला. मधुकरच्या दाढीच्या डब्यातलं कोरं ब्लेड पातेल्यात टाकून खळाखळा उकळलं. चिमट्यानं उचलून शेवंतीच्या हातात दिलं. मधुकरची पाठ स्पिरिटनं पुसली. शेवंतीनं खांद्याखाली बारीक बारीक चिरा मारल्या, त्यावर शिंग ठेवून तोंडानं हवा ओढली, मेणानं भोक बुजवलं. शिंग भरलं की उलटं करायची. रक्त काळसर, गोठलेलं.

"बघ, कसा काळा निघाला," सोनूबाई समाधानानं म्हणाल्या.

पद्मजानं वर दवाखान्यातलं जांभळं औषध लावलं. तिला वाटलं, आपण निदान जखम स्वच्छ ठेवली. जणू काय चुकीचं काम स्वच्छ हातांनी केलं की ते चुकीचं राहत नाही.

आणि गंमत अशी की त्या संध्याकाळी मधुकरला खरंच बरं वाटलं. तो चढ चढून नाक्यावर जाऊन आला, पान खाल्लं, बहिणीला म्हणाला, "आक्का, तू मुंबईत दवाखाना काढ. आमच्या बाईसाहेबांना शिपाई ठेवू." तिघंही हसली. पद्मजाही.

सकाळी पाण्याचा हंडा उचलताना त्यानं छाती धरली.

रिक्षा येईपर्यंत तिनं त्याचा शर्ट बदलला. शर्टाच्या आत जाडी गंजी चढवली. गारठ्याचे दिवस नव्हते. गंजी कशाला, हे तिनं तेव्हा स्वतःला विचारलं नाही. पण गंजी तिनंच हातानं चढवली होती, पाठीमागून खाली ओढून नीट केली होती. आता कक्षात डॉक्टरांनी शर्टाची बटणं काढली, गंजी समोरून वर सारून छातीवर तारा चिकटवल्या, आणि हलवू नका, सरळ झोपू दे म्हणाल्या. पाठ कोणी बघितलीच नाही.

"ताई, तुम्हाला नीट सांगते," डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या. "हृदयाच्या रक्तवाहिनीत गाठ अडकलीय. पूर्वी आम्ही काय करायचो, झोपवायचो, दुखणं कमी करायचो आणि वाट बघायचो. आता हे औषध आहे. ते गाठ विरघळवतं. लवकर दिलं तर हृदय वाचतं, आणि तुम्ही वेळ दवडला नाहीत. पण ते फक्त तीच गाठ ओळखत नाही. अंगात जिथं कुठं रक्त गोठून जखम बंद झाली असेल, तिथंही ते उघडतं. म्हणून इतके प्रश्न विचारले. कळलं ना?"

"हो, मॅडम."

कळलं होतं. इतकं नीट कळलं होतं की तिला गंजीखालची एकेक चीर डोळ्यांपुढं दिसली.

तेव्हा बोलायला हवं होतं. डॉक्टर समोर होत्या, औषध अजून सिस्टर एथेलच्या हातात होतं, बाटलीत मिसळलंसुद्धा नव्हतं. पद्मजानं ओठ उघडले. पण मग म्हणायचं काय? काल तुंबडी लावली म्हणायचं? माझ्या घरात? आणि मी काय करत होते, तर ब्लेड उकळत होते? तिला डॉक्टरांचा चेहरा दिसला, चष्म्याआडचे डोळे आधी न समजून, मग समजून बारीक होणारे. सिस्टर एथेल तर मरोळची, तोंडाची फटकळ. संध्याकाळपर्यंत इस्पितळातल्या प्रत्येक आया-मावशीला कळलं असतं.

मग तिच्या मनानं तिला दुसरी वाट दाखवली. सांगितलं तर औषध देणारच नाहीत. मग याचं हृदय जाईल. म्हणजे गप्प राहण्यातच याचं भलं आहे. ही वाट तिला इतकी बरी वाटली की तिनं ती घट्ट धरली.

"काही म्हणत होता, ताई?"

"नाही. लवकर सुरू करा."

बाटली टांगली. थेंब पडू लागले. नातेवाइकांना कक्षात बसू देत नसत, पण डॉक्टर म्हणाल्या, "ताई आपल्यातल्याच आहेत, बसू दे त्यांना." सोनूबाई बाहेर बाकावर राहिल्या. पद्मजा नवऱ्याच्या उशाशी स्टुलावर बसली.

थोड्या वेळानं मधुकरचा चेहरा जरा निवळला. छातीवरचं ओझं कमी झालं म्हणाला. पडद्यावरची रेघ बघून डॉक्टरही खूश दिसल्या. "येतंय. चांगलं येतंय," असं म्हणून त्या दुसऱ्या खाटेकडं गेल्या. पद्मजानं देवाचं नाव घेतलं. वाटलं, निभावलं. कोणाला काही कळायची गरज नाही.

मग मधुकर हळूच म्हणाला, "पद्मा, पाठ ओली लागतेय गं."

"घाम आहे."

"घाम नाय वाटत. गरम लागतंय."

तिनं इकडंतिकडं पाहिलं. सिस्टर पाठमोरी होती. पद्मजानं हात त्याच्या पाठीखाली सरकवला. गंजी लिबलिबीत लागली. हात बाहेर काढला तर बोटं लाल.

पुढं तिनं जे केलं ते ती स्वतः करतेय यावर तिचा विश्वास बसेना. तिनं हात साडीच्या निऱ्यांच्या आत, परकराला पुसला. आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "घामच आहे. पडून राहा."

मधुकरनं तिच्याकडं पाहिलं. तिचा हात कुठं गेला तेही पाहिलं. डोळे मिटून घेतले.

थोड्याच वेळात तो पांढरा पडू लागला. सिस्टर एथेलनं दंडाला पट्टा गुंडाळला, पारा वर-खाली केला आणि हाक मारली, "मॅडम, बीपी उतरतंय!"

डॉक्टर धावत आल्या. "औषधानंही उतरतं कधी कधी. थेंब कमी करा. पाय वर घ्या." त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांची बुबुळं पाहिली. "मधुकर, डोकं दुखतंय? पोटात काही? ताई, यांना खरंच अल्सर नाही ना? आतल्या आत कुठं जात असेल तर मला आत्ता औषध थांबवायला हवं, आणि थांबवलं तर गाठ तशीच राहील. मला कळायला हवं."

त्या तिलाच विचारत होत्या. तिच्या डोळ्यांत बघून विचारत होत्या. निऱ्यांत लपवलेल्या हाताची पद्मजानं मूठ आवळली.

"पोटात काही नाही," ती म्हणाली. ते खरं होतं, म्हणून ते म्हणायला जमलं.

सिस्टर एथेलनं उशी पायांखाली घालायला मधुकरला जरा कलतं केलं, आणि ती ओरडली, "जेजू! अरे, हे काय? मॅडम, इकडं बघा, चादर बघा!"

खाली रबराच्या चादरीवर रक्ताचं तळं साचलं होतं. पाठीवर, वाहणाऱ्या रक्तातूनही, जांभळे डाग स्पष्ट दिसत होते.

मग धावपळ झाली. औषधाची बाटली बंद केली. गंजी कात्रीनं फाडली. गॉझचे गठ्ठे पाठीवर दाबून दोघींनी घट्ट पट्टे आवळले. रक्ताची बाटली आणायला माणूस पळाला. पद्मजाला कोणीतरी हाताला धरून बाजूला केलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिला रडूही येत नव्हतं.

मधुकर वाचला. औषध बरंचसं आधीच गेलं होतं, त्यानं आपलं काम केलं होतं. पट्टे आवळल्यावर रक्तही थांबलं. दुपारी उशिरा त्याचा रंग परत आला तेव्हा डॉक्टर त्याच्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. घामानं त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता.

"मधुकर, पाठीवर काय केलंत?"

मधुकरनं आधी बायकोकडं पाहिलं. मग डॉक्टरांकडं. "तुंबडी. काल. बहीण गावची आहे माझी, तिनं वैदीण बोलावली. ही ड्युटीवर होती. हिला काय ठाऊकच नाही, मॅडम. मीच बहिणीला बोललो, हिला सांगू नको, ही कावेल."

"पण पाठीला जांभळं औषध आहे."

"घरात असतं ना तिच्या पिशवीत. आक्कानं लावलं."

तो अगदी सहज खोटं बोलला. त्याला दम लागत होता, ओठ कोरडे होते, आणि त्या ओठांनी तो तिची लाज झाकत होता.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. मग पद्मजाच्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी, ताई. क्षणभर मला वाटलं, तुम्ही माझ्यापासून लपवलंत. तुमच्यावर मी असा संशय घ्यायला नको होता."

पद्मजानं खाली पाहिलं. डॉक्टरांना वाटलं, ती दुखावली आहे. त्यांनी खांदा आणखी थोपटला.

आणि मग त्या बाहेर बाकाशी गेल्या. दार उघडंच होतं, आवाज आत येत होता.

"तुम्ही त्यांची बहीण? काय केलंत हे तुम्ही? भावाला मारलं असतंत! घरात एवढी जाणती भावजय आहे, तिला न विचारता अंगावर ब्लेड मारून घेता? तुमच्यासारख्यांना सांगून सांगून ही बाई अर्धी झाली!"

पद्मजा कान देऊन उभी राहिली. आता आक्का बोलणार. आता त्या म्हणणार, ब्लेड हिनंच उकळून दिलं, विचारा हिला. आक्कांचं तोंड कधी बंद राहिलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

मग सोनूबाईंचा आवाज आला, बारीक, ओळखू न येणारा. "चुकी झाली माजी, बाय. माजो भाव बरो आसा मां?"

"आहे. पण तुम्ही आत यायचं नाही. पुन्हा कसला अंगारा, कसला पाला घेऊन याल. सिस्टर, या बाईंना कक्षात सोडू नका."

त्यानंतरचे दिवस पद्मजा विसरू म्हणता विसरू शकली नसती. इस्पितळात सगळे तिच्याशी गोड वागत. मावशी चहा आणून देत. "गावची माणसं अशीच हो, ताई. आमची सासू पण तसलीच." शिकाऊ डॉक्टरांना मधुकरची पाठ दाखवत आणि बाहेरच्या बाकाकडं बोट करत. सोनूबाई रोज सकाळी तिच्याबरोबर येत, पेजेचा डबा तिच्या हाती देत आणि दाराबाहेर बसून राहत. संध्याकाळी डबा परत घेत. "खाल्ल्यान?" एवढंच विचारत. घरीही ब्लेडाचा विषय त्यांनी काढला नाही. पद्मजाला वाटे, त्यांनी ओरडावं, शिव्या घालाव्यात. त्या मुकाट भांडी घाशीत.

मधुकरही त्यावर बोलत नसे. एकदा फक्त तिनं पेज भरवताना म्हटलं, "तुम्ही कशाला खोटं बोललात?" तर तो म्हणाला, "तुझी तिथं इज्जत आहे गं. आक्काला काय, ती चार दिवसांनी गावाला जाणार." आणि घास गिळून भिंतीकडं बघत राहिला. "पण ती आत का येत नाय? रुसली काय माझ्यावर? तिला सांग, एकदा येऊन जा."

त्याला माहीतच नव्हतं की तिला मज्जाव केला आहे.

मग एक दिवस सोनूबाई घरून निघताना बोचकं घेऊन निघाल्या. गावाहून निरोप आला होता, भात कापणीला आला होता, यजमान एकटे होते. इस्पितळातून परस्पर एसटी पकडणार होत्या. बाकावर बसून त्यांनी पदराच्या टोकानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "दारातसून तरी बघूक गावतलो काय गो? लांबसून. आत येवचंय नाय मी. एकदाच बघान जातंय."

पद्मजा सरळ बाकासमोरच्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. तिथं सिस्टर एथेल होती, दोन शिकाऊ मुलं होती. त्यांना बाहेर पाठवा म्हणावं असं तिला वाटलं. मग वाटलं, नको. असू देत.

"मॅडम, माझ्या नणंदेला आत सोडा."

"ताई, तुम्ही मायाळू आहात, पण—"

"तिचा दोष नाही. मी घरात होते. मी हो म्हटलं. ब्लेड मी स्टोव्हवर उकळून दिलं, पाठ मी पुसली, जांभळं औषध मी लावलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. रक्त लागलं तेही मला आधी कळलं. हाताला लागलं होतं. मी पुसून टाकलं."

सिस्टर एथेलच्या हातातली पट्टी अर्धी गुंडाळलेली तशीच राहिली. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या पुन्हा त्या किडकिडीत शिकाऊ मुलीसारख्या दिसल्या, आणि ते पद्मजाला सगळ्यांत जास्त लागलं.

"मला भीती वाटली," पद्मजा घाईघाईनं म्हणाली. "सांगितलं तर तुम्ही औषध देणार नाही. त्यांचं हृदय जाईल. म्हणून—"

"दिलं असतं," डॉक्टर म्हणाल्या.

पद्मजाला कळेना.

"पाठीवरच्या चिरा आहेत, ताई. वरच्यावर. दाबून धरता येतात. आम्ही घाबरतो ते पोटातल्या, डोक्यातल्या रक्ताला, कारण तिथं हात पोचत नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर मी आधी घट्ट पट्टे बांधले असते, कुशीवर ठेवलं असतं, आणि औषध दिलंच असतं. एवढंच झालं असतं." त्या थांबल्या. "आणि मी तुम्हाला रागावले असते. थोडीशी."

इतके दिवस जिला धरून ती उभी होती ती एकमेव सबब तिच्या हातातून अशी निसटली. मागं काही उरलं नाही. औषधासाठी नव्हे, नवऱ्यासाठी नव्हे. त्या थोड्याशा रागासाठी तिनं माणूस पणाला लावला होता.

"तुम्ही खरंच औषधाच्या भीतीनं गप्प बसलात?" डॉक्टरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पद्मजानं मान हलवली. "नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. "एथेल, त्यांच्या बहिणीला आत न्या." मग पद्मजाकडं न बघता म्हणाल्या, "माझं चुकलं. मी पाठ बघायला हवी होती. ओळखीवर सोडायला नको होतं. पुढे नाही सोडणार."

ती बाहेर आली तेव्हा सोनूबाई उभ्याच होत्या. दार उघडं होतं, शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता. पद्मजा त्यांच्या पाया पडायला वाकली, तशा त्यांनी तिला दंडाला धरून सरळ केलं. धरलं ते मायेनं नव्हे, चांगलं करकचून.

"आता कित्याक सांगितलंस?" त्या कडाडल्या. "तुजी नोकरी जायत, माज्या भावाचा घर बुडात, म्हणान मी इतके दिवस गप बसलंय! सगळ्यांच्या शिव्या खाल्लंय! त्या फुकट काय गो?"

"आक्का, मला राहवलं नाही."

"तेवा कशी रवलंस? रगत व्हावत होता तेवा?"

बाकावरचे लोक बघत होते. मावशी चहाचा कप घेऊन येता येता थबकली. सोनूबाईंनी बोचकं तिच्या हातात कोंबलं, डोळे पुसले, पदर सारखा केला आणि सिस्टर एथेलच्या मागोमाग आत गेल्या. एका वेळी एकालाच सोडत असत.

आतून मधुकरचा आवाज आला, "आक्का! होतीस कुठं तू इतके दिवस?"

बाकावरची एक बाई सरकून जागा करत होती. पद्मजा बसली नाही. बोचकं पोटाशी धरून ती दाराबाहेर उभी राहिली, आणि आक्का त्याला काय सांगतात ते ऐकत राहिली.

"खय असतलंय?" सोनूबाई म्हणत होत्या. "हयच होतंय. गर्दी होती रे, म्हणान आत येवक गावला नाय."